नकाशातील भूमी आणि भाषेतील भूमी : कोयना खोऱ्याच्या स्थलनिर्देशक नकाशाचे वाचन

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणास
• स्थलनिर्देशक नकाशा कसा तयार होतो व समोच्च रेषा कशा वाचाव्यात, हे समजेल.
• भूरूपवाचक मराठी शब्दांमधील सूक्ष्म अर्थभेद स्पष्ट करता येतील.
• रोमन लिपीतून प्रवास करताना मराठी स्थलनामांत कोणते बदल होतात, याची कारणमीमांसा करता येईल.
• एखाद्या स्थलनामाची तपासणी नकाशाच्या आधारे कशी व किती करता येते, हे सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या अभ्यासक्रमात नकाशाचे वाचन कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. नकाशा हा भूगोलाचा विषय आहे, अशी आपली समजूत असते. परंतु कोणताही स्थलनिर्देशक नकाशा उघडून पाहिला, तर त्यावर दोन प्रकारची सामग्री एकमेकींत मिसळलेली दिसते. एकीकडे रेषा, रंग आणि आकडे असतात, तर दुसरीकडे गावे, वाड्या, ओढे, घाट, शिखरे यांची शेकडो नावे असतात. पहिल्या सामग्रीसाठी मोजमाप करावे लागते. दुसरी सामग्री मात्र माणसांच्या तोंडून मिळवावी लागते. नकाशावरील उंची मोजून येते, नाव मात्र ऐकून येते. हे ऐकणे आणि ऐकलेले लिहून ठेवणे भाषाविज्ञानाच्या कक्षेत येते.

या घटकात उदाहरणादाखल आपण सातारा जिल्ह्यातील कोयना खोरे घेणार आहोत. या खोऱ्यात उंच डोंगर, दाट अरण्य, नदी आणि विशाल जलाशय यांचा समावेश आहे. कोयना अभयारण्य आणि त्याच्या दक्षिणेचे, वारणा नदीच्या खोऱ्यातील चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. नकाशाची शक्ती आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी या प्रदेशात ठळकपणे जाणवतात.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ नकाशाची निर्मिती

भारतातील स्थलनिर्देशक नकाशे भारतीय सर्वेक्षण विभाग तयार करतो. या विभागाची स्थापना १७६७ मध्ये झाली असून त्याचे मुख्यालय डेहराडून येथे आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्टन यांनी मद्रासजवळ एक आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला. या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांवरील कोन ठाऊक असतील, तर उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. म्हणून एक रेषा जमिनीवर अत्यंत काळजीपूर्वक मोजली, की पुढे थिओडोलाइट या उपकरणाने कोन मोजत त्रिकोणांची साखळी डोंगरमाथ्यांवरून दूरवर नेता येते. डोंगराळ मुलखात चढउतारांवरून साखळी टाकून अंतर मोजणे अशक्यप्राय असते. कोन मात्र एका शिखरावरून दुसऱ्या शिखराकडे पाहून मोजता येतो.

पुढे हवाई छायाचित्रे आणि उपग्रह यांची जोड मिळाली. २००५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या कार्टोसॅट-१ या भारतीय उपग्रहाने एकाच भूभागाची दोन भिन्न कोनांतून छायाचित्रे घेण्याची सोय केली. अशा जोडचित्रांवरून उंचीची गणना करता येते. परंतु वरून घेतलेल्या छायाचित्रात सदाहरित जंगलाचा माथा दिसतो, त्याखालची जमीन नव्हे. पायवाट, झरा, चार घरांची वाडी, देवराईतील ठाणे या गोष्टी पानांच्या छताखाली झाकल्या जातात. त्यामुळे प्रत्यक्ष स्थळी जाऊन पडताळणी करण्याची गरज आजही संपलेली नाही. नावांच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नाही, कारण कोणत्याही छायाचित्रात डोंगराचे नाव उमटत नाही.

नकाशांच्या क्रमांकांची एक निश्चित पद्धत आहे. ४७ या क्रमांकाचा पट १६ ते २० अंश उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ अंश पूर्व रेखांश यांमधील आहे. त्याचे एक-एक अंशाचे सोळा भाग पाडून त्यांना इंग्रजी मुळाक्षरे दिली जातात, आणि अशा प्रत्येक भागाचे पुन्हा सोळा भाग पाडून त्यांना आकडे दिले जातात. या पद्धतीने महाबळेश्वर ४७ जी/९ या पत्रकात येते, तर कराड ४७ के/३ मध्ये. यांतील प्रत्येक पत्रक अक्षांश व रेखांश यांची पंधरा-पंधरा मिनिटे व्यापते. त्याचे प्रमाण १ : ५०,००० असते. म्हणजेच कागदावरील एक सेंटिमीटर हा जमिनीवरील पाचशे मीटर असतो.

४.२.२ समोच्च रेषांची लिपी

समुद्रसपाटीपासून समान उंचीवर असणारे बिंदू जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा. नकाशावर ती तपकिरी रंगात दाखवतात. पाणी निळे, वनाच्छादन हिरवे, लागवडीखालील जमीन पिवळी, तर रस्ते व वस्ती तांबडी असते. १ : ५०,००० प्रमाणाच्या पत्रकात लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये सामान्यतः वीस मीटर उंचीचा फरक असतो. आता समजा, कागदावरील एका सेंटिमीटरमध्ये सलग पाच अंतरे पार होत असतील, तर त्या ठिकाणी पाचशे मीटर चालताना शंभर मीटर चढावे लागेल. रेषा विरळ असतील तर उतार सौम्य असतो आणि दाट असतील तर तीव्र. अनेक रेषा एकमेकींना भिडल्या असतील, तर तेथे कडा आहे असे समजावे.

या रेषांचे आकारही वाचता येतात. खोऱ्यातून जाताना त्या टोकदार वळण घेतात आणि त्या वळणाचे टोक नदीच्या उगमाकडे असते. डोंगराच्या सोंडेवर हेच टोक उताराच्या दिशेने असते. शिखरांभोवती बंद वर्तुळे असतात. अशी दोन वर्तुळे शेजारी असतील, तर त्यांच्यामधील सखल भाग खिंडीचा असतो.

आता कोयनेकडे वळू. ही नदी महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते. कृष्णेच्या बहुतेक उपनद्या सह्याद्रीकडून पूर्वेकडे जातात. कोयना मात्र सुमारे पासष्ट किलोमीटर दक्षिणेकडे, सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर वाहते. तिच्या पश्चिमेला सह्याद्रीची धार आणि पूर्वेला बामणोली–घेरादातेगड डोंगररांग आहे. सोळशी आणि कांदाटी या नद्या तिला वाटेत मिळतात. हेळवाकजवळ ती जवळजवळ काटकोनात पूर्वेकडे वळते आणि पाटणवरून कराडला कृष्णेत विलीन होते. समोच्च रेषा वाचता आल्या, तर एकही नाव न पाहता नदीचा हा सारा मार्ग सांगता येतो.

खोऱ्याच्या पश्चिमेकडील रेषा अतिशय दाट होतात. तेथे सह्याद्री एकदम कोकणात कोसळतो. नदी वरच्या पातळीवर असून तिच्यापासून थोड्याच किलोमीटरवर कोकणचा तळ आहे, हे नकाशावरून सहज लक्षात येते. कोयना जलविद्युत प्रकल्पाची कल्पना याच वस्तुस्थितीवर उभी आहे. पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचे पाणी अडवून ते बोगद्यांतून पश्चिमेकडे पोफळीच्या वीजगृहात साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवरून सोडले जाते आणि पुढे वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते.

४.२.३ भूरूपांचे मराठी शब्द

समोच्च रेषा जे चित्राने सांगते, ते डोंगरात राहणाऱ्या माणसाची भाषा एका शब्दात सांगते. डोंगरापासून खाली उतरत जाणारी लांबट कड म्हणजे सोंड. अरुंद आणि लांब माथा म्हणजे धार. माथ्यापासून कोकणात उतरणारी चिंचोळी, उभी घळ म्हणजे नाळ. कड्याखाली आणि पायथ्याच्या वर, मध्येच लाभलेली सपाटी म्हणजे पदर. किल्ल्याच्या माथ्याखालची तटबंदीयुक्त सपाटी म्हणजे माची. जांभ्या दगडाचा विस्तीर्ण, उघडा माथा म्हणजे सडा. खडकाला आरपार पडलेले भोक म्हणजे नेढे.

यांतील बरेच शब्द रूपकातून सिद्ध झालेले आहेत. सोंड हत्तीची, पदर लुगड्याचा, नेढे सुईचे, माथा आणि पायथा शरीराचे. बोलणाऱ्याला आता या रूपकांची जाणीव राहिलेली नाही, ती शब्दांत मुरून गेली आहेत. तथापि, डोंगराकडे एक देह म्हणून पाहणारी दृष्टी त्यांतून आजही दिसते.

हे शब्द अर्थाने काटेकोर आहेत. सडा आणि पठार हे सपाटीचेच वाचक असले, तरी सडा म्हटल्यावर जांभा दगड, मातीचा पातळ थर आणि झाडांची विरळता ही माहितीही आपोआप मिळते. पाटण तालुक्यातील सडावाघापूर हे गावाचे नाव पाहावे. सडा हे पद तेथील भूरूप सांगते आणि वाघापूर या पदात वाघाचा निर्देश आहे. समोच्च रेषेने त्या जागेची उंची व सपाटी कळते. ती सपाटी कशाची आहे, हे मात्र नावातून कळते.

४.२.४ नाव नकाशावर कसे येते?

सर्वेक्षक एखाद्या वाडीत पोहोचतो, तेथील माणसाला विचारतो, ऐकलेले नाव लिहून घेतो आणि पुढे ते महसुली नोंदींशी ताडून पाहिले जाते. नकाशा इंग्रजीत छापायचा असल्याने नाव रोमन लिपीत जाते. भारतात यासाठी हंटर यांच्या नावाने ओळखली जाणारी लिप्यंतरपद्धती प्रचलित आहे. रोमन अक्षरांना उपचिन्हे जोडून मराठीतील भेद दाखवणे शक्य असते. परंतु नेहमीच्या छपाईत आणि व्यवहारात ही उपचिन्हे गळून पडतात.

परिणामी ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, द आणि ड हे चार महत्त्वाचे भेद नाहीसे होतात. मराठीत हे भेद अर्थभेदक आहेत. काल–काळ, मन–मण, वेल–वेळ या जोड्या आठवून पाहाव्यात. अ आणि आ यांतील अंतरही पुसले जाते. रोमन रूपावरून पुन्हा देवनागरीत येताना, विशेषतः हे काम यंत्राकडून किंवा प्रदेशाची माहिती नसलेल्या व्यक्तीकडून झाले, तर वासोट्याचा ‘वसोता’, तापोळ्याचा ‘तापोला’ आणि मोरणा नदीची ‘मोरना’ होऊ शकते. पाटणचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ‘पाटण’ हा शब्द ‘पट्टण’ म्हणजे नगर या शब्दाशी संबंधित आहे. त्याचे रोमन रूप मात्र ‘पतन’ असेही वाचता येते. नगराचे पतन व्हायला येथे केवळ उपचिन्हाचा अभाव पुरेसा ठरतो.

कराडच्या नावाचा इतिहासही लक्षात घेण्याजोगा आहे. प्राचीन लेखांत ‘करहाटक’ हे रूप आढळते. त्यापासून ‘कऱ्हाड’ हे रूप आले. ते ‘कऱ्हाडे’ या ज्ञातिनामात आजही टिकून आहे. शासकीय व्यवहारात ‘कराड’ रूढ झाले. ‘ऱ्ह’ हे मराठीचे वैशिष्ट्यपूर्ण जोडाक्षर या रूपात उरलेले नाही. केवळ नकाशा पाहणाऱ्याला गाव आणि ज्ञाती यांचा संबंध आता सहज दिसत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. देवनागरीही सर्व भेद दाखवत नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च चे उच्चार भिन्न आहेत, पण अक्षर एकच आहे. म्हणून स्थलनामांच्या अभ्यासात लिखित रूपाबरोबर स्थानिक उच्चाराची नोंदही आवश्यक ठरते.

४.२.५ हेळवाक : एका नावाची तपासणी

आता आपण एक नाव घेऊन नकाशाच्या साहाय्याने त्याची तपासणी करू. ‘हेळवाक’ या नावातील ‘वाक’ हे पद वाकणे या क्रियापदाच्या कुळातील दिसते. ‘वाक’ आणि ‘वाकण’ या शब्दांचा अर्थ वळण असा होतो. नकाशा पाहिला, तर उत्तर–दक्षिण वाहणारी कोयना नेमकी याच परिसरात पूर्वेकडे वळते. नाव आणि भूरूप यांचा असा मेळ बसल्यास आपल्या तर्काला बळ मिळते.

परंतु बळ मिळणे आणि सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तर्क पुढे नेण्यासाठी तीन कसोट्या लावाव्यात. पहिली कसोटी म्हणजे जुन्या कागदपत्रांतील रूप. दुसरी, स्थानिक उच्चार. ‘हेळवाक’ आणि ‘हेलवाक’ अशी दोन्ही रूपे लिहिली जातात. ळ की ल, याचा निर्णय झाल्याखेरीज पहिल्या पदाच्या अर्थाकडे वळणे घाईचे होईल. तिसरी कसोटी तुलनेची. ज्यांच्या नावात ‘वाक’ आहे अशी इतर गावे नकाशावर शोधावीत आणि तेथे नदीला किंवा वाटेला वळण आहे काय, ते पाहावे. पुष्कळ ठिकाणी आढळले, तर नियम संभवतो. एकाच ठिकाणी आढळले, तर तो योगायोगही असू शकतो. नावावरून रचलेल्या कथा ऐकायला गोड असतात, पण लोकव्युत्पत्ती आणि शास्त्रीय व्युत्पत्ती यांतील सीमारेषा अशा कसोट्यांनीच आखली जाते.

४.२.६ जलाशयाची रेषा आणि नावांचे विस्थापन

स्थिर पाण्याचा काठ हीच मुळी एक समोच्च रेषा असते. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाची पूर्ण भरल्यावरची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर आहे. याचा अर्थ असा, की धरणाचे काम सुरू होण्याआधी कोणत्या घरात पाणी शिरणार आणि कोणते घर कोरडे राहणार, हे नकाशावरील एका रेषेने ठरवता येत होते. या रेषेच्या खाली असलेली शेते, वाड्या, देवळे आणि पाणवठे जलाशयात गेले. माणसांचे पुनर्वसन सातारा जिल्ह्यात व जिल्ह्याबाहेरही झाले. पुढे अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांच्या निमित्ताने वरच्या भागातील काही गावांनाही स्थलांतर करावे लागले.

या घटनेची भाषिक बाजू फारशी तपासली गेलेली नाही. नव्या जागी वसलेली वस्ती बहुधा जुनेच नाव सोबत नेते. नाव पुढे जाते, नावातील भूरूप मात्र मागे राहते. खिंडीवरून किंवा नाळेवरून नाव पडलेले गाव सपाट माळावर वसले, की नावाचा अर्थ जागेशी जुळेनासा होतो. तेथे जन्मलेल्या पिढीला ते नाव केवळ एक खूण म्हणून उरते. भविष्यातील अभ्यासकाने आजच्याच नकाशावरून त्या नावाची व्युत्पत्ती शोधली, तर त्याची दिशाभूल होण्याचा धोका आहे.

जुन्या काळी एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाचे नकाशे प्रचलित होते. धरणापूर्वीचे खोरे कसे होते, हे पाहण्यासाठी ते मोलाचे आहेत. तथापि, त्यांचीही मर्यादा आहे. आजच्या १ : ५०,००० प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. साहजिकच अशा प्रमाणाच्या नकाशावर गावाचे नाव येते, शेताचे येत नाही. ओढ्याचे येते, ओढ्यातील डोहाचे सहसा येत नाही. प्रत्येक शेताला, उताराला, झऱ्याला, गुरांच्या बसण्याच्या जागेला नाव असते. ही सूक्ष्म स्थलनामे कोणत्याही पत्रकावर कधीच छापली गेली नाहीत. जागा पाण्याखाली गेली किंवा जंगलाने झाकली, की त्यांचा एकमेव आधार म्हणजे ती वापरणाऱ्यांची स्मृती. धरणाचे बांधकाम १९५० च्या दशकात सुरू झाले. त्या वेळी शेतात जाण्याइतपत मोठी असलेली मुले आज सत्तरी ओलांडलेली आहेत.

याचा व्यवहाराशीही संबंध आहे. जमिनीच्या नोंदीत गावाचे नाव एका तऱ्हेने आणि प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असेल, तर ही दोन नावे एकाच गावाची आहेत, हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर पडू शकतो. जो भेद भाषावैज्ञानिकाला ळ आणि ल यांचा वाटतो, तो त्या कुटुंबासाठी हक्काचा प्रश्न असतो.

४.३ सारांश

स्थलनिर्देशक नकाशा हे मोजमाप आणि भाषा यांचे संयुक्त लेखन आहे. समोच्च रेषा उंची, उतार आणि आकार सांगते, तर स्थलनाम त्या जागेविषयी तेथील समाजाला असलेले ज्ञान जपते. सोंड, नाळ, पदर, सडा यांसारख्या शब्दांत हे ज्ञान नेमकेपणाने साठवलेले आहे. रोमन लिप्यंतरात मराठीचे अर्थभेदक ध्वनी पुसले जातात, म्हणून नकाशावरील नाव स्थानिक उच्चार व जुन्या नोंदी यांच्याशी ताडून पाहिले पाहिजे. नाव आणि भूरूप यांचा मेळ हा व्युत्पत्तीचा पुरावा असतो, पण पुरेसा पुरावा नसतो. विस्थापनात नाव आणि भूरूप यांची ताटातूट होते आणि नकाशावर न आलेली सूक्ष्म स्थलनामे नष्ट होण्याच्या मार्गाला लागतात.

४.४ पारिभाषिक शब्द

समोच्च रेषा : समान उंचीवरील बिंदू जोडणारी रेषा.
प्रमाण : कागदावरील अंतर व जमिनीवरील अंतर यांचे गुणोत्तर.
लिप्यंतर : एका लिपीतील मजकूर दुसऱ्या लिपीत उतरवणे.
लोकव्युत्पत्ती : ध्वनिसाम्यावरून किंवा कथेवरून लोकांनी कल्पिलेली शब्दाची व्युत्पत्ती.
सूक्ष्म स्थलनाम : शेत, डोह, झरा अशा लहान जागेचे नाव.

४.५ सरावासाठी प्रश्न

१. समोच्च रेषांच्या आकारावरून खोरे आणि सोंड यांतील फरक कसा ओळखाल?
२. ‘सडा’ आणि ‘पठार’ या शब्दांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.
३. रोमन लिप्यंतरामुळे मराठी स्थलनामांत होणाऱ्या बदलांची कारणमीमांसा करा.
४. ‘हेळवाक’ या नावाच्या तपासणीत वापरलेल्या कसोट्या आपल्या परिसरातील एखाद्या स्थलनामाला लावून पाहा.

४.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा जवळच्या पुनर्वसित वसाहतीतील एका वयोवृद्ध व्यक्तीस भेटा. त्यांच्या जुन्या शिवारातील किमान पंचवीस सूक्ष्म स्थलनामे त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करा. प्रत्येक नाव देवनागरीत लिहा, ल–ळ आणि न–ण यांची खात्री त्यांच्याकडूनच करून घ्या, आणि ती जागा कशी होती, हे त्यांच्याच शब्दांत नोंदवा. शक्य असल्यास त्यांना एक साधा नकाशा काढायला सांगा. त्यात प्रमाण चुकले तरी चालेल. कोणत्या जागेशेजारी कोणती जागा होती, हे त्यातून कळेल. तयार झालेल्या यादीची एक प्रत त्या कुटुंबाकडे द्यावी.